बेघर निवाऱ्यातील रहिवाशांसाठी सांघिक खेळाचा साप्ताहिक सराव कसा उभा करावा

रस्त्यावर राहणारा माणूस चार दिवस दिसला नाही, तर ते बहुधा कोणाच्याही लक्षात येत नाही. तो आजारी पडला, हटवल्यामुळे दुसऱ्या पुलाखाली गेला, की कामाच्या शोधात त्याने गाव बदलले, याची विचारपूस करणारे कोणी नसते. कबड्डीच्या संघात मात्र उजवा कोपरा सांभाळणारा आला नाही, तर साखळी धरायला हात सापडत नाही आणि पहिल्याच चढाईत सर्वांना त्याची उणीव कळते. बेघर व्यक्तींसोबत काम करताना सांघिक खेळच का निवडावा, याचे माझ्या मते हेच सर्वांत खरे कारण आहे. अंगमेहनतीने झोप सुधारते, व्यसनापासून काही तास दूर राहता येते, मन हलके होते, हे लाभ आहेतच. पण ते एकट्याने धावूनही मिळतील. आपण न आल्यामुळे कोणाचे तरी अडते, ही जाणीव संघातच येते. पुढील सूचना याच गोष्टीभोवती मांडल्या आहेत.

या कल्पनेची पूर्वपीठिका

नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास भर पावसात काही मुलांना तुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल आणि पुढे स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी केपटाऊनमध्ये, बेघर माणसे रस्त्यावर विकतात त्या नियतकालिकांच्या संपादकांची परिषद भरली होती. तेथे स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हॅराल्ड श्मीड यांच्या गप्पांतून बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाची कल्पना निघाली. पहिली स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स शहरात १८ देशांच्या सहभागाने झाली. नागपूरच्या स्लम सॉकरनेच पुढे या स्पर्धेत भारताचे संघ उतरवले, म्हणून आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

या विश्वचषकाचे दोन नियम मला फार मोलाचे वाटतात. एका खेळाडूला आयुष्यात एकदाच या स्पर्धेत उतरता येते, त्यामुळे दरवर्षी नव्या माणसांना संधी मिळते. दुसरा नियम बरोबरीचा आहे. सामना बरोबरीत सुटला की पेनल्टीने निकाल लावतात, जिंकणाऱ्याला दोन गुण देतात आणि हरणाऱ्यालाही एक. शेवटपर्यंत झुंजलेला संघ रिकाम्या हाताने परतत नाही. आपल्या छोट्या मैदानावरही नियम ठरवताना याच दिशेने विचार करावा.

आधी काही आठवडे नुसते जाऊन बसावे

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांपैकी २ लाख १० हजारांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. ‘बेघर’ या एका शब्दाखाली अतिशय वेगवेगळी माणसे येतात. मजूर अड्ड्यावर रोज उभा राहणारा बिगारी, घरातून बाहेर काढलेली वृद्धा, रेल्वे फलाटावर वाढलेला तरुण, मनोरुग्णालयातून सुटून कोठेच न पोचलेला माणूस आणि उड्डाणपुलाखाली मुलाबाळांसह राहणारे कुटुंब, या सर्वांच्या गरजा निराळ्या असतात. झोपडपट्टीतील रहिवाशाला निदान छप्पर आणि शेजार असतो. बेघरांपैकी बहुतेकांना दोन्ही नसते. म्हणून झोपडपट्टीतील मुलांसाठी यशस्वी ठरलेला कार्यक्रम जसाच्या तसा येथे लावू नये.

सुरुवात महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या शहरी बेघर निवाऱ्यापासून करणे सोयीचे असते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे शंभर जणांच्या निवाऱ्याची सोय अपेक्षित होती आणि अनेक शहरांत हे निवारे स्थानिक संस्था चालवतात. निवाऱ्याच्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन दोन-तीन आठवडे फक्त जेवणाच्या वेळेस जावे, पंगतीत बसावे आणि खेळाचा विषय घाईने काढू नये. ओळख झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत: लहानपणी काय खेळत होतात, आठवड्यातील कोणती वेळ मोकळी असते, आणि खेळायला यायचे झाले तर अडचण कशाची आहे. पहिल्या प्रश्नाने माणूस खुलतो. ज्याच्याकडून नाव-गावही कळत नव्हते, तो गावच्या जत्रेतील कबड्डीचे सामने सांगू लागतो. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मात्र वहीत लिहून घ्यावीत, कारण सगळे नियोजन त्यांवरच करायचे आहे.

वेळ, जागा आणि बोचके

मजूर अड्डा सकाळी सात-आठला भरतो आणि काम मिळालेला माणूस सायंकाळी सातच्या आत परतत नाही. त्यामुळे शनिवारची दुपार आपल्याला सोयीची असली, तरी तिच्यापायी त्याची दिवसाची मजुरी बुडते. रविवारी सकाळी किंवा कामाच्या दिवशी रात्री आठनंतर निवाऱ्याच्या आवारातच सराव ठेवावा. रात्रीची वेळ निवडल्यास निवाऱ्याचे दार बंद होण्याची आणि जेवण वाढण्याची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण खेळापायी एकाचेही ताट हुकले तर पुढच्या आठवड्यात तो येणार नाही आणि ते योग्यच असेल. गुरुद्वारात किंवा मंदिरात अन्नदान असते त्या वेळांशीही सराव आदळू देऊ नये. एकदा ठरलेला वार आणि ठरलेली वेळ कोणत्याही कारणाने बदलू नये. चारच जण आले तरी सराव घ्यावा आणि पावसात निवाऱ्याच्या ओसरीवर कॅरम किंवा चेंडूची फेकाफेक करावी. ज्यांच्याशी केलेली बहुतेक आश्वासने मोडली गेली आहेत, त्यांना वेळ पाळणारा माणूस भेटणे ही पहिली मदत असते.

निवाऱ्याच्या आवाराबाहेर जागा लागल्यास महापालिकेची शाळा किंवा उद्यान विभागाचे मैदान पाहावे आणि प्रभाग कार्यालयाला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. त्या पोचेची प्रत मैदानावर येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याजवळ असू द्यावी. जवळच्या पोलीस चौकीलाही पत्र द्यावे. मळक्या कपड्यांतील दहा-बारा पुरुष मैदानावर जमलेले पाहून शेजारच्या इमारतीतून तक्रार जाते आणि खेळाडूंना हुसकावले जाते, असे आमच्या सुरुवातीच्या महिन्यात दोनदा घडले. दुसऱ्या वेळी हातात कागद होता, त्यामुळे खेळ थांबला नाही. मैदान निवाऱ्यापासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीपेक्षा दूर नसावे आणि तेथे पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह असावे.

आता बोचक्याविषयी. नव्या कार्यकर्त्याला ही बाब किरकोळ वाटते, पण माझ्या अनुभवात न खेळण्याचे सर्वांत मोठे कारण तेच होते. अंथरूण, कपड्यांचा जोड, आधारकार्डाची झेरॉक्स आणि एखादा जुना फोटो, एवढाच ज्याचा संसार आहे, तो माणूस ते गाठोडे कडेला ठेवून चेंडूमागे धावणार नाही. म्हणून मैदानाच्या एका कोपऱ्यात सतरंजी अंथरावी, प्रत्येक गाठोड्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, तोच क्रमांक खेळाडूच्या हाती द्यावा आणि एका विश्वासू व्यक्तीने पूर्ण वेळ तेथून उठू नये. ही जबाबदारी पुढे खेळाडूंपैकीच एखाद्या वयस्क माणसाने घेतली तर उत्तम. गाठोडे उघडून पाहण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

कोणता खेळ निवडावा

बहुतेक जण पहिल्यांदा क्रिकेट मागतात. ती इच्छा डावलू नये, पण नेहमीच्या पद्धतीने खेळलेल्या क्रिकेटमध्ये एक जण खेळतो आणि बाकीचे उभे राहतात. पहिल्याच चेंडूवर बाद झालेला माणूस अर्धा तास बसून असतो आणि बाद की नाबाद यावरून भांडण पेटते. यावर उपाय असा की टेनिस चेंडूने जोडीजोडीने खेळावे, प्रत्येक जोडीला चार षटके पूर्ण द्यावीत, आणि बाद झाल्यास खेळ न थांबवता पाच धावा वजा कराव्यात. त्यामुळे सर्वांची फलंदाजी होते आणि जोडीदाराला सांभाळून घेण्याची सवय लागते.

कबड्डी आपल्या मातीतील आहे, साहित्य लागत नाही आणि प्रत्येकाला तिचे नियम ठाऊक असतात. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे आणि महिलांचे १२ बाय ८ मीटरचे असते, एवढी जागा कोठेही मिळते. अडचण स्पर्शाची आहे. रस्त्यावर मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या माणसाला चार जणांनी अंगावर येऊन दाबून धरणे असह्य होऊ शकते. एखादा अचानक हिंसक होतो, एखादा थरथरत बाहेर निघून जातो. म्हणून पहिले काही आठवडे फक्त स्पर्शाची कबड्डी खेळावी: चढाई करणाऱ्याने स्पर्श केला की गुण, आणि बचाव करणाऱ्यांनी पकड न करता साखळीने त्याला रेषेकडे रेटावे. पकडीचा खेळ नंतर, आणि तोही विचारून सुरू करावा. खो-खो सुंदर खेळ आहे, पण २७ बाय १६ मीटरची जागा, प्रत्येकी नऊ खेळाडू आणि सतत उठण्या-बसण्याची तयारी त्याला लागते. कुपोषित गुडघ्यांना ते झेपत नाही.

माझी पसंती चार-चार जणांच्या फुटबॉलला आहे. बेघरांच्या विश्वचषकातही हाच प्रकार खेळला जातो: मैदान २२ बाय १६ मीटर, तीन खेळाडू आणि एक गोलरक्षक, सात-सात मिनिटांचे दोन डाव. केवळ आठ माणसे जमली तरी सामना होतो, डाव छोटा असल्याने दमलेल्या शरीराला विसावा मिळतो आणि बदली खेळाडूला दोन मिनिटांत आत घेता येते. तेथील गोलची उंची कमी असल्याने चेंडू जमिनीलगत राहतो. आपल्याकडे दोन विटा ठेवून गुडघ्यावरून गेलेला चेंडू गोल धरू नये, म्हणजे तोच परिणाम साधतो. मुरमाच्या किंवा सिमेंटच्या जागेवर नेहमीच्या पाच क्रमांकाच्या चेंडूऐवजी कमी उसळणारा चार क्रमांकाचा फुटसालचा चेंडू घ्यावा.

साहित्याची यादी लहानच ठेवावी. तीन-चार चेंडू, दोन रंगांचे बिब (संघ ओळखण्यासाठी कपड्यांवरून घालायच्या बंड्या), शिट्टी, फक्की, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी यांवर वर्षभराचे काम चालते. बुटांच्या बाबतीत मात्र घाई करू नये. काहींना बूट आणि काहींना नाही, असे एकदा जरी झाले तर संघात फट पडते. सर्वांच्या मापाचे बूट मिळेपर्यंत सर्वांनीच अनवाणी खेळावे, आणि त्यासाठी कार्यकर्त्यांनी आधी अर्धा तास मैदानातील काचा, खिळे व खडे वेचून घ्यावेत.

शरीराची काळजी

मैदानावर येणारे शरीर बहुधा उपाशी, अपुऱ्या झोपेचे आणि जुन्या दुखण्यांचे असते. सराव सुरू होण्याच्या अर्धा तास आधी केळे, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की आणि पाणी द्यावे; पूर्ण जेवण खेळानंतर. हे खाणे खेळणाऱ्याला आणि न खेळणाऱ्याला सारखेच मिळावे, नाही तर माणसे खाण्यासाठी आजारी अंगाने धावतील. पहिल्या महिन्यात एकूण खेळ वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा अधिक घेऊ नये आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात अजिबात खेळवू नये.

पायांकडे विशेष लक्ष द्यावे. भेगा, चिघळलेल्या जखमा आणि बधिर तळवे वारंवार दिसतात. बधिरपणा मधुमेहाचा किंवा कुष्ठरोगाचा असू शकतो आणि अशा माणसाला लागलेले कळत नाही, म्हणून त्याला अनवाणी खेळवू नये व दवाखान्यात न्यावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी रुग्णालयात थुंकीची मोफत तपासणी करून घ्यावी. फिट येण्याचा इतिहास प्रत्येकाला एकांतात विचारावा. गंभीर प्रसंगी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी आणि रुग्णालयात खेळाडूसोबत एक कार्यकर्ता शेवटपर्यंत थांबावा, कारण सोबतीला कोणी नसलेल्या रुग्णाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका अधिक असतो.

दारू पिऊन आलेल्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. नशेत खेळू द्यायचे नाही, कारण त्याला आणि इतरांना इजा होते. पण मैदानावरून घालवायचेही नाही. त्याला गुण मोजायला, चेंडू आणून द्यायला किंवा वेळ पाहायला बसवावे आणि पुढच्या वेळी त्याची जागा राखून ठेवली आहे, असे सांगावे. हा नियम पहिल्या दिवशीच सर्वांसमोर ठरवावा, म्हणजे त्या प्रसंगी कोणाचा अपमान होत नाही. एक इशारा अत्यंत गांभीर्याने द्यावासा वाटतो: अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याला खेळाच्या उत्साहात ‘आजपासून एकदम सोड’ असे कधीही सांगू नये. अचानक दारू बंद केल्यास कंप, भ्रम आणि फिट येऊन जीवही जाऊ शकतो. असा निश्चय कोणी केला, तर त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच न्यावे. मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक निवाऱ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

संघ बांधणे

दोन कर्णधार नेमून त्यांना खेळाडू निवडू देण्याची शाळेतील पद्धत येथे टाळावी. सर्वांत शेवटी उरण्याचा अनुभव या माणसांना पुरेसा आलेला असतो. पहिले चार आठवडे चिठ्ठ्या टाकून संघ पाडावेत. त्यानंतर मात्र संघ कायम करावेत, प्रत्येकाला जागा आणि क्रमांक द्यावा, संघाला नाव त्यांनीच ठेवावे. मैदानावर येण्यासाठी आधारकार्ड, पत्ता किंवा खरे नावही मागू नये. ज्या नावाने हाक मारलेली आवडेल ते नाव वहीत लिहावे आणि पुढच्या आठवड्यात त्याच नावाने स्वागत करावे.

हजेरीची वही हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे साधन आहे. प्रत्येक संघातील एकाकडे ती असावी, आणि कोणी सलग दोन वेळा आला नाही तर त्याची चौकशी संघातील जोडीदाराने करावी: झोपण्याच्या जागी, अड्ड्यावर, चहाच्या टपरीवर, गरज पडल्यास सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात. कार्यकर्त्याने शोधणे आणि सोबत्याने शोधणे यांत मोठा फरक आहे. आमचा एक खेळाडू पाय मोडून रुग्णालयात पडला होता. संघातील दोघे डबा घेऊन पोचले, तेव्हा तो कितीतरी वेळ काही बोलू शकला नाही. गेल्या अनेक वर्षांत आपल्याला शोधत कोणी आले नव्हते, एवढेच तो नंतर म्हणाला.

भांडणे होणारच. शिवी किंवा धक्काबुक्की झाल्यास त्या खेळाडूने दोन मिनिटे बाहेर बसावे आणि त्याच डावात परत यावे. पूर्ण हकालपट्टी केवळ शस्त्र, गंभीर मारहाण किंवा महिलांशी गैरवर्तन यांसाठीच ठेवावी. प्रशिक्षकाचा आवाज कोणावरही चढता कामा नये. रस्त्यावरचे सगळे आयुष्य हुसकावणाऱ्या आवाजांत जाते. शिट्टीदेखील शक्य तितकी कमी वाजवावी.

महिलांसाठी वेगळा वार, वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक अनिवार्य समजावी. कपडे बदलण्यासाठी बंद खोली, लहान मुलांना सांभाळणारी व्यक्ती आणि मैदान रस्त्यावरून सहज दिसणार नाही अशी आडोशाची सोय असल्याशिवाय महिला येत नाहीत, आणि त्यांनी येऊ नये. लगोरी, थ्रोबॉल आणि स्पर्शाची कबड्डी हे खेळ येथे चांगले रुजतात. अठरा वर्षांखालील मुलांना प्रौढांच्या सरावात मिसळू नये. एकटे राहणारे मूल आढळल्यास १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे.

खेळानंतरचा अर्धा तास

सराव संपला की सर्वांनी गोल करून बसावे, चहा-जेवण व्हावे आणि त्याच वेळी निवाऱ्यातील समाजसेवकाने तेथे असावे. कार्यालयातील टेबलासमोर जे बोलता येत नाही, ते घामेजलेल्या अंगाने मातीत बसून बोलता येते. आधारकार्ड हरवले आहे, शिधापत्रिका गावी भावाकडे आहे, बँकेत खाते नाही, ठेकेदाराने मजुरी बुडवली आहे, अशी कामे येथूनच हाती लागतात. एका वेळी एकाच माणसाचे एक काम धरावे, पुढच्या आठवड्यापर्यंत ते कोठे पोचले हे सांगावे आणि न झाल्यास तसेही सांगावे. मात्र मदतीला खेळाची अट आणि खेळाला मदतीची अट कधीही लावू नये. ज्याला फक्त खेळून निघून जायचे आहे, त्याला तसे जाऊ द्यावे.

छायाचित्रांबाबत कठोर राहावे. अनेक जण घरच्यांपासून, सावकारापासून किंवा मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून दूर आलेले असतात आणि समाजमाध्यमांवरील एक फोटो त्यांना धोक्यात घालू शकतो. संमती दर वेळी स्वतंत्रपणे घ्यावी. देणगीदार आले म्हणून संघाला रांगेत उभे करू नये.

तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या निवाऱ्याच्या, महाविद्यालयाच्या किंवा सफाई कामगारांच्या संघाशी सामना ठरवावा. त्या दिवशी स्वच्छ जर्सी, आंघोळीची सोय आणि प्रत्येकाला मैदानात उतरण्याची संधी, एवढे पाळावे. याच सुमारास एक-दोन खेळाडूंना प्रशिक्षणाचे काम मानधन देऊन सोपवावे. स्कॉटलंडचे डेव्हिड ड्यूक स्वतः बेघर होते, २००४ मध्ये गोथेनबर्गच्या बेघर विश्वचषकात खेळले आणि २००९ मध्ये त्यांनी स्ट्रीट सॉकर स्कॉटलंड ही संस्था काढली. आपल्या संघातून असा माणूस घडेलच असे नाही, पण शिट्टी आपल्याच हाती राहिली तर तो घडण्याची शक्यताही उरत नाही.

काही खेळाडूंना भाड्याची खोली मिळेल, काही गावी परततील, काही न सांगता नाहीसे होतील. शोध घेऊनही कोणी सापडला नाही, तरी वहीतील त्याचे नाव खोडू नये आणि त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. आठ महिन्यांनी एखादा माणूस मैदानाच्या कडेला येऊन उभा राहतो, आत यावे की नाही हे न कळून गाठोडे छातीशी धरून थांबतो. तेव्हा वही उघडून त्याला त्याचा क्रमांक दाखवावा आणि गाठोडे ठेवायला सतरंजीवर जागा करून द्यावी.